बिजलीगाडीचं पाणी

मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनात त्या दिवशी बॅटरीत पाणी मी भरलं, हे तेव्हाच्या सगळ्या भागीदारांना ठाऊक होतं. ते पाणी कुठलं होतं, हे मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्यांना तर नाहीच. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. मीही पन्नाशी ओलांडली.

आज सांगायला बसलो त्याचं कारण तसं क्षुल्लक आहे. लढाईमुळे पेट्रोल रेशनवर आलं, तेव्हापासून अमरावती–मोर्शीची सर्व्हिस मोटार पाठीवर कोळशाची भट्टी बांधून चालते. परवा एका चढावर तिचा दम तुटला आणि आम्ही सगळे उतरून ढकलू लागलो. माझ्या शेजारी एक म्हातारा माळी ढकलत होता. त्याच्या टोपलीतली संत्री त्यानं आधी खाली काढून ठेवली होती. धापा टाकत तो मला म्हणाला, "तारकाकाची बिजलीगाडी असती त आज हे पाळी आली नसती, भाऊ. पन त्या बुढ्याचा हिशोब चुकला."

मी मान डोलावली. बावीस वर्षं मी ती मान डोलावत आलो आहे.

तारकाकांचं खरं नाव मी लिहीत नाही. अमरावतीत ते कुणी घेतही नसे. मोर्शीकडच्या माळ्याचा हा मुलगा, घरची संत्र्याची बाग सोडून तारऑफिसात लागला, तिथंच कट्ट-कडकट्ट करत म्हातारा झाला आणि पेन्शन घेऊन अमरावतीत येऊन राहिला. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. मी त्या वेळी एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनघराचा फिटर होतो. डायनॅमो माझ्या ताब्यात होता. काकांच्या घराची एक खोली मी भाड्यानं घेतली, आणि त्यांच्या-माझ्या मध्ये फक्त एक कुडाची भिंत राहिली.

त्या भिंतीवर रोज सकाळी टकटक व्हायची. पहिले काही दिवस मला उंदीर वाटले. मग काकांनी सांगितलं, "चहा म्हनून राहिलो. तू येतच नाही."

"हाक मारायची की."

"हाक साऱ्या गल्लीले आयकू जाते. दूध दोघाचंच हाये."

तारेच्या भाषेतला तेवढा एकच शब्द मी शिकलो. चहा. पुढं त्यांनी बाकीची अक्षरं शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण माझी बोटं हातोड्याची.

जन्मभर तारा पाठवल्यामुळे त्यांना शब्द खर्चताना जिवावर यायचं. समोरचा माणूस पाल्हाळ लावू लागला की काकांचं बोट मांडीवर मोजू लागे. मोजून झालं की ते शांतपणे सांगत, "एकेचाळीस झाले. पाचात बसते." आणि खरोखर पाचात बसवून दाखवत. शेजारचा वाणी पोरीचं लग्न कसं ठरलं ते अर्धा तास सांगत होता, काका म्हणाले, "पोरगा बरा. हुंडा जास्त. पाह्य." वाणी रुसला, पण पुढं त्यानं ते लग्न मोडलं आणि काकांना गुळाची ढेप आणून दिली.

दुसरं वेड पाण्याचं. नव्या गावाला गेले की काका आधी विहिरीवर जात, चुळकाभर पाणी तोंडात घेत, डोळे मिटत, आणि मग बोलत. "वरूडचं पानी. संत्र्यासारखं. चिखलदऱ्याचं हलकं, पोटात राह्यत नाही. दर्यापूरचं..." इथं ते थुंकत. पूर्णेच्या खोऱ्यातला तो सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा. मूर्तिजापूरपासून अकोल्याच्या पलीकडंपर्यंत कुठंही विहीर खणा, मीठच. काकांच्या लेखी तो आपल्या वऱ्हाडाच्या पोटातला फोड होता.

हे वेड तारऑफिसातलंच. तिथं तारयंत्राच्या बॅटऱ्या त्यांच्या हाताखाली असायच्या. बॅटरी म्हणजे काचेच्या पेट्यांची रांग, पेटीत शिशाच्या प्लेटा, आणि प्लेटा बुडतील एवढं तेजाब. वापरताना तेजाबातलं पाणी उडून जातं, ते वरून भरावं लागतं. आणि ते पाणी निव्वळ लागतं. त्यात मीठ गेलं की प्लेटा आतून मरतात. वरून काही दिसत नाही. म्हणून पुढं घरची बॅटरी झाल्यावर काका श्रावणात अंगणात चार बांबूंना धुतलेलं धोतर बांधत, मधोमध एक गोटा ठेवत, आणि त्या झोळीखाली काचेचा मोठा बुधला. पावसाचं ते पाणी वर्षभर पुरवायचं. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, तारकाका धोतर वाळवायले पावसात घालते.

बुधल्याला हात लावायचा नियम एकच होता. आधी जिभेवर, मग बॅटरीत.

*

बिजलीगाडी कुठून आली, तर नागपूरच्या एका लिलावातून. कुण्या साहेबानं ती कलकत्त्याहून आणवली होती. साहेब विलायतेला गेला, गाडी तबेल्यात पडली. काकांनी पेन्शनीतून साठवलेलं सगळं घालून ती घेतली आणि बडनेऱ्यापासून बैलांनी ओढत अंगणात आणली. बॅटरी मेलेली होती. त्यांनी साचे केले, अंगणात चूल मांडून शिसं वितळवलं आणि एकेक प्लेट स्वतःच्या हातानं ओतली. वरची पेटी सुताराकडून दमणीसारखी, म्हणजे हलक्या बैलगाडीसारखी, करून घेतली, मागं संत्र्याच्या टोपल्या मावतील अशी. आणि एके दिवशी ती गाडी आवाज न करता अंगणातून गल्लीत गेली. आवाज नव्हता म्हणूनच लोक जास्त घाबरले. घोडा नाही, बैल नाही, धूर नाही, फटफट नाही. एका बाईनं घरात जाऊन दार लावून घेतलं.

काकांचा विचार असा होता की मोर्शी-वरूडची संत्री बैलगाडीनं अमरावतीला येईपर्यंत तळची फळं चेचतात. बिजलीगाडी रबरी चाकांची, तिला हिसका नाही. वीज जिनातल्या डायनॅमोतून घ्यायची. आता जिनं चालतात कापसाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, आणि संत्र्यांचा मोठा तोडाही तेव्हाच. "देवानं हंगाम जुळवून देला," ते म्हणत, "आपल्याले फक्त तार जोडाची हाये." होळीनंतर जिनं बंद, वीज बंद. मग गाडी दिवाळीपर्यंत गोठ्यात उभी, आणि काका रोज तिच्यावरची धूळ पुसत. हंगामी मोटार साऱ्या जगात आमचीच असावी.

एक गाडी चालली म्हणून दहा बांधायच्या, त्यासाठी कंपनी काढायची. शेअर दहा रुपयांचा. काका वकिलाकडे गेले नाहीत, सावकाराकडे गेले नाहीत. ते भाजीबाजारात गेले. माळणी, फुलवाले, बागवाले, मिरच्या विकणारे. "ज्याची टोपली त्याची गाडी," असं त्यांचं म्हणणं. शेअर घेतला त्या दिवसापासून ते त्या माणसाला 'मालक' म्हणत. कोथिंबिरीची जुडी घेतानाही, "मालक, दोन पैशाची द्या." लोक लाजायचे, पण सरळ बसायचे. मी पाच शेअर घेतले. मलाही ते मालक म्हणू लागले, चहाची टकटक मात्र तीच राहिली.

गयाबाईचा किस्सा इथं सांगायला हवा. ती वांगी विकायची. ऐंशीच्या आसपासची असेल आज, तेव्हा साठीची. दहा रुपये तिनं लुगड्याच्या गाठीतून काढले आणि काकांना विचारलं, "याच्यात माह्य काय?"

"कंपनीत वाटा."

"वाटा म्हंजे कोन्तं? वावर वाटलं त बांध दाखोतात. मले दाखवा."

काकांनी दहा-बारा शब्द खर्चून भागभांडवल समजावलं. त्यांच्या हिशोबानं ही चैनच होती. गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर हात ठेवला. "हे माह्य. बाकीचं तुमी पाहून घ्या."

त्या दिवसापासून ते चाक तिचं. दसऱ्याला सगळे गाडीला हळदकुंकू वाहायचे, ती फक्त त्याच चाकाला. चाकात खिळा गेला तर तिला निरोप जायचा. एकदा उजवं चाक पंक्चर झालं तेव्हा ती काकांना म्हणाली, "पाह्यलं? माह्यं चाक असं करत नाही." बाकीच्यांनीही मग आपापले भाग धरले. एका फुलवाल्यानं कंदील घेतला. माझ्या वाट्याला, मी विजेचा माणूस म्हणून, बॅटरी आली. ती जपणं माझं काम, असं बाजारानंच ठरवलं.

*

अकोल्याचे एक जिनवाले शेठ होते. पैसा भरपूर, विश्वास कमी. त्यांनी निरोप पाठवला की गाडी अमरावतीहून स्वतःच्या बळावर अकोल्यात आली आणि शहराला एक फेरा घातला, तर दहा गाड्यांचं भांडवल मी देतो. काकांनी उत्तराची तार केली. मजकूर फक्त 'येतो'.

सगळं त्या एका फेरीवर येऊन ठेपलं. बाजारातली पंधरा-वीस माणसं आगगाडीनं आधीच अकोल्याला जायची होती, गाडीचं स्वागत करायला. गयाबाई जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसणार होती. काकांनी वहीत मांडून ठेवलं होतं: बॅटरीत एकदा वीज भरली की त्या एका भरतीत मूर्तिजापूर काठावर गाठता येईल, तिथल्या जिनात दिवसभर भरती, दुसऱ्या सकाळी अकोला. मूर्तिजापूरच्या वेशीवर बॅटरीच्या मापाचा काटा कुठं असेल तोही आकडा त्यांनी लिहिला होता. आम्ही पोचलो तेव्हा काटा बरोबर त्या आकड्यावर होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो. मी स्वतः पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती सुरू झाली. भरताना पाणी फार उडतं, म्हणून संध्याकाळी बॅटरीत पाणी घालायचं होतं. श्रावणातला बुधला गवतात गुंडाळून आम्ही सोबत आणला होता. दिवसभर मला काम नव्हतं. माझी धाकटी बहीण तिथून दीड कोसावर दिली होती, आठ दिवसांची बाळंतीण होती. काका म्हणाले, "जाऊन ये. मी हाये आठी."

मी बुधला उचलला. मनात एवढंच होतं की तिला तांब्याभर पाणी द्यावं. तांब्या हिंदकळला असता. बुधल्याला बूच होतं.

बहिणीचं गाव खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. लग्न झाल्यापासून तिचा एकच निरोप असे, कुणी अमरावतीहून येत असेल तर पाणी आण. आम्ही हसायचो. त्या दिवशी ती खाटेवर पडली होती, अंगात बारीक ताप, ओठ सुकलेले. मला पाहून तिनं बाळाकडे बोट केलं नाही, बुधल्याकडे केलं.

"दादा, आपल्या अंगनातलं हाये का रे?"

"श्रावणातलं."

तिनं उठून बसून फुलपात्र दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू प्यायली. मग म्हणाली, "मी त विसरलीच व्हती, पान्याले चव नसते."

तिची सासू दारात उभी होती. "आमच्याइथं भाजीत मीठ टाकाचं काम नाही, भाऊ," ती म्हणाली, "पानीच टाकते." आणि तिनं एक वाटी पुढं केली, नातवाला जिभेवर दोन थेंब म्हणून. मग शेजारीण आली. तिचा सासरा महिनाभर अंथरुणावर होता, त्याच्या तोंडात घोटभर गोडं पाणी पडावं एवढंच तिचं म्हणणं. मग दुसरी आली, गरोदर होती. तिसरी नुसती चव पाहायला. प्रत्येकीच्या हातात वाटी, आणि ती वाटी धरून त्या देवळात तीर्थाला याव्यात तशा आल्या होत्या. मी कुणाला नाही म्हणालो नाही. मला नाही म्हणता आलंच नसतं. आजही येणार नाही.

बुधल्यात तळाशी बोटभर राहिलं, तेही बहिणीच्या उशाशी ठेवलं.

परत निघताना मेहुण्यांनी विचारलं, "रिकामा नेता का?" आणि त्यांनीच विहिरीतून पोहरा काढून बुधला भरून दिला. त्यांना काय माहीत. मला माहीत होतं. मी बूच लावलं. दिसायला दोन्ही पाणी सारखंच. पाणी रंगानं चुगली करत नाही. वाटभर मी स्वतःला सांगत आलो, एका वेळेनं काय होतं. उद्याचा एक दिवस निघाला की अमरावतीला जाऊन तेजाब बदलू.

आणि खरी गोष्ट ही की काही बिघडलेलंच नव्हतं. मूर्तिजापूरच्या जिनात बॉयलर होता. वाफ थंड करून दोन तासांत बुधलाभर निव्वळ पाणी धरता आलं असतं. काकांनी मला ते शिकवलंही होतं. फक्त तोंड उघडायचं होतं. "काका, पाणी बहिणीला दिलं," एवढंच. ते रागावले नसते. ते म्हणाले असते, बरं केलं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि तरीही मी बोललो नाही. बॅटरी माझ्या वाट्याची होती, एवढे लोक विश्वासून होते, आणि मी बुधला घेऊन गावभर तीर्थ वाटत फिरलो हे सांगायची मला लाज वाटली.

मी पोचलो तेव्हा काका डायनॅमोशेजारी पोत्यावर बसून लिंबू चोखल्यासारखं तोंड करून होते. निघायच्या तयारीपासून तीन दिवस उन्हात हिंडून त्यांचं तोंड आलं होतं, जिभेवर फोड.

"बहीन?"

"बरी आहे. मुलगा झालाय."

त्यांनी खिशातून एक रुपया काढून माझ्या हातात ठेवला. "पोट्ट्याच्या हातावर ठेव म्हना, मोर्शीच्या आज्यानं देला." मग बुधल्याकडे पाहून म्हणाले, "हा सोबत नेला व्हता?"

"इथं मजुरांनी पिऊन टाकला असता."

"शाना हायेस. आज माही जीभ कामाची नाही. तुयी चालव. चव पाह्यली?"

"पाहिली," मी म्हणालो.

ते खुश झाले. "असं बोलावं मानसानं," ते म्हणाले. "एक शब्द."

मी एकेका पेटीचं झाकण उघडून पाणी भरलं. काका शेजारी उभे राहून कंदील धरत होते.

*

दुसऱ्या सकाळी दहाएक मैल ठीक गेले. मग काटा उतरू लागला. काकांनी वही काढली, पाहिली, परत ठेवली. पेट्यांतून एक उग्र वास यायला लागला, धोब्याच्या घाटावर येतो तसा. अकोल्याच्या जिनांची धुराडी समोर दिसत असताना गाडी मुंगीच्या चालीनं चालू लागली आणि एका बाभळीखाली थांबली. काकांनी गाडी वळवायचा दांडा सोडला नाही. मी खाली उतरून उगाच चाकं तपासली.

शेवटी एका शेतकऱ्याची बैलजोडी मागून आणली. काका उतरले नाहीत. "कप्तान उतरत नाही," एवढंच म्हणाले. वेशीवर आमचे भागीदार उभे होते, शेठ होते, हार होता. शेठनं बैलांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि हार मुनिमाच्या हातात परत देत म्हणाले, "बाबूजी, बैल तो अपने पास भी बहोत हैं."

लोक हसले. आमचेही काही हसले, त्यांचा दोष नाही. गयाबाई मात्र गर्दीतून पुढं आली, आपल्या चाकाशेजारी चालू लागली, आणि काकांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "माह्य चाक त फिरून राह्यलं."

त्या दिवशी काका तेवढे एकदाच हसले.

अकोल्यात आम्ही पुन्हा भरती करून पाहिली. पेट्या उकळल्या, वास वाढला. काकांनी एक प्लेट बाहेर काढली. ती त्यांच्या बोटांत भिजल्या भाकरीसारखी चुरली. ते तिच्याकडे पाहत म्हणाले, "माह्या हातची." पाण्याचं नावही त्यांच्या मनात आलं नाही. पाण्याची चव मी पाहिली होती ना.

महिन्याभरानं त्यांनी अंगणात सगळ्यांना बोलावलं. "मालक हो," ते म्हणाले, "गाडी थांबली. चूक माही. बाग इकला. पैसे घेऊन जा." मोर्शीची बाग, बापानं लावलेली. लोक रांगेत उभे राहिले. मीही राहिलो. मी वेगळा उभा राहिलो असतो तर लोकांनी कारण विचारलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. माझे पन्नास रुपये माझ्या हातावर ठेवताना काका म्हणाले, "तुयी मेहनत वाया गेली, लेका." मी ते पैसे घेतले.

गयाबाईनं घेतले नाहीत. "माह्य चाक द्या."

"एका चाकानं काय करशीन?"

"तुमी चार चाकानं काय केलं?"

काकांनी स्वतः पाना घेऊन चाक काढून दिलं. तिनं ते बाजारात एका खुंटावर आडवं बसवलं आणि त्यावर वांगी मांडली. गिऱ्हाईक आलं की चाक फिरवायची, "पाह्य बापू, साऱ्या बाजूनं पाह्य. किडकं नाही." ते चाक अजून तिथं आहे. आता नातसून फिरवते, गयाबाई मागं पोत्यावर बसून असते.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातं. बागेचे पैसे पुरले नाहीत म्हणून घरही गेलं, काका एका खोलीत राहायला गेले, आणि त्यांनी वही उघडली. चूक कुठं झाली ते शोधायला. शिसं भेसळ होतं का? आपल्या उन्हाला प्लेटा जाड हव्या होत्या का? वजन जास्त झालं का? एकदा मला म्हणाले, "गयाबाईचं हळदकुंकू धरलंच नाही मी वजनात," आणि खूप हसले. दर रविवारी मी जात असे. ते आकडे सांगत, मी गुणाकार तपासत असे. अठरा वर्षं. चूक नसलेल्या हिशोबातली चूक मी त्यांच्यासोबत शोधत बसलो. एकदा खरंच एका भागाकारात हातचा राहिलेला मला सापडला, तर ते आठवडाभर पोरासारखे आनंदात होते. पुढच्या रविवारी म्हणाले, "त्यानं काई फरक पडत नाही. पन तुयी नजर चांगली हाये."

दर वेळी निघताना विचारायचे, "तुले काय वाटते, कोठी चुकलं असंन?"

आणि मी म्हणायचो, "पुन्हा पाहू, काका."

शेवटच्या आजारात त्यांना बोलवत नव्हतं. मी खाटेशी बसलो होतो, आणि त्यांचं बोट खाटेच्या लाकडावर वाजू लागलं. पुष्कळ वेळ वाजलं. काहीतरी लांबलचक सांगत होते, शब्दांची काटकसर न करता. मला त्या भाषेतला एकच शब्द येतो. ते थांबले तेव्हा मी तोच लाकडावर वाजवला. चहा. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि ओठ थोडे हलले. हसले असावेत. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. त्यांना ऐकू येत होतं. तेव्हा सांगता आलं असतं.

सात वह्या त्यांनी माझ्या नावानं ठेवल्या होत्या. सातवीच्या शेवटच्या पानावर लिहिलं आहे: चूक सापडली नाही. पुन्हा पहिल्यापासून पाहावे.

बहीण माझी सुखी आहे. तो मुलगा बावीस वर्षांचा झाला. ती अजून म्हणते, तुझ्या त्या पाण्यानं मी उठून बसली, दादा. त्या पाण्याचा मला पश्चात्ताप नाही, हेही खरं सांगतो. पुन्हा तो दिवस आला तर मी बुधला पुन्हा तिथंच रिकामा करीन. माझा अपराध बुधल्यात नाही. 'पाहिली' या एका शब्दात आहे, आणि नंतर अठरा वर्षांच्या रविवारांत.

उद्या बाजारात जाऊन गयाबाईला सांगणार आहे. तिला पहिल्यांदा, कारण सगळ्यांनी पैसे घेतले तेव्हा तिनं चाक घेतलं होतं. ती काय म्हणेल ते म्हणो. पण तिला सांगून माझं फिटत नाही. ज्यांचं देणं आहे ते गेले, आणि देणंही फार मोठं नव्हतं. त्यांच्या हिशोबानं सहा शब्दांत बसतं: गाडी चांगली. पाणी खारं. चूक माझी.

हे सहा शब्द मी तारकाकांचे देणं लागतो.